खाड्याचा फळा

बीबीएच्या तिसऱ्या वर्षी, पाचव्या सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, एका सोमवारी सकाळी पावणेअकरा वाजता कर्वेनगरमधल्या एका खानावळीच्या मालकीणबाईंनी एकशे ऐंशी मुलांच्या जेवणाचे कंत्राट नाकारले. ते घ्यावे, असा एकपानी अहवाल आम्ही तिघांनी त्यांना आधीच्या शुक्रवारी दिला होता. अहवाल स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट या विषयाच्या अंतर्गत गुणांसाठी होता. गुण वीस होते.

आम्ही तिघे म्हणजे मी, एक मैत्रीण आणि एक मित्र. मी धायरीहून दुचाकीवर, राजाराम पुलावरून कॉलेजला येत असे. मैत्रीण पेठेतली. तिच्या वडिलांचे बटणे, लेस आणि दोऱ्यांचे दुकान होते आणि वडिलांची जीभ तिला वारशाने मिळाली होती. मित्र अमरावतीचा. तो कर्वेनगरमध्ये एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहायचा, म्हणजे खोली नव्हे, खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन. दोन्ही वेळा जेवायला तो त्या खानावळीत जात असे. खानावळ आम्हाला त्याच्यामुळे मिळाली.

विषय शिकवणारे सर पन्नाशीचे होते. एका कारखान्याच्या नियोजन विभागात बावीस वर्षे काढून ते शिकवायला आले होते. सत्रभर त्यांनी एकही स्लाइड दाखवली नाही. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर दोन टिंबे काढली. एकाखाली ‘कॉलेज’ लिहिले, दुसऱ्याखाली ‘स्वारगेट’.

“इथून स्वारगेटला कसं जायचं?”

हात वर झाले. कर्वे रस्त्याने, म्हात्रे पुलावरून, सिंहगड रस्त्याने, नदीपात्रातून. मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, “रिक्षानं. पण तो नाही म्हणेल.” सरांनी प्रत्येक रस्ता लिहिला, त्यापुढे लागणारा वेळ लिहिला, गर्दीची वेळ विचारली. यात बारा मिनिटे गेली. मग त्यांनी खडू खाली ठेवला.

“आता स्वारगेटला का जायचं, ते सांगा.”

हात खाली आले. शेवटी माझी मैत्रीण म्हणाली, “सर, तुम्ही विचारलंत म्हणून.”

“उत्तम. बऱ्याच कंपन्या स्वारगेटला याच कारणानं पोहोचतात आणि मग तिथं उभ्या राहतात.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. “कसं जायचं, हा नियोजनाचा प्रश्न. त्यावर मी बावीस वर्षं पगार घेतला. का जायचं आणि कुठं जायचं नाही, हा आपल्या विषयाचा प्रश्न. पुस्तक इंग्रजीत आहे, वाचून या. वर्गात मी ते वाचून दाखवणार नाही.”

सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी काम दिले. तिघातिघांचे गट. प्रत्येक गटाने चालू असलेला एक छोटा धंदा निवडायचा, सत्र संपेपर्यंत पाहायचा आणि शेवटी एका पानाचा अहवाल द्यायचा. पान मालकाला वाचता येईल अशा भाषेत. त्या पानावर चार प्रश्न सरांनी आधीच छापून दिले होते: हा धंदा कोणासाठी आहे? इथे असे काय होते जे इतरांना जमत नाही? पुढे काय करावे? काय करू नये?

नियम दोन. मालकाला कळणार नाही असा एकही शब्द पानावर असता कामा नये. आणि अहवाल वाचला जाईल तेव्हा मालक वर्गात पहिल्या बाकावर बसलेला असेल. त्याला प्रश्न विचारता येतील. सरांनी विचारायच्या आधी तो विचारेल.

पहिल्या नियमाने आमचे दोन आठवडे घेतले. पुस्तकात ‘कोअर कॉम्पिटन्स’ होते. मैत्रिणीने ते घरी वडिलांना विचारले. ते गिऱ्हाइकाला लेस मापून देत होते. मापता मापता म्हणाले, “शेजारच्याला जमत नाही आणि आपल्याला जमतं, ते. पुढचं मीटर चुकलं बघ तुझ्यामुळे.” आम्ही ती व्याख्या वहीत लिहिली. त्याहून चांगली मला पुढेही सापडली नाही.

खानावळ एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर होती. बाहेर ‘घरगुती जेवण’ एवढीच पाटी. आत तीन लांब टेबले, मागे स्वयंपाकघर. चालवणाऱ्या बाई यवतमाळकडच्या, नवऱ्याची कारखान्यातली नोकरी पुण्यात आली तेव्हा आलेल्या. सगळे त्यांना काकू म्हणत. हाताखाली दोन बायका. दुपारी साडेअकरा ते दोन, संध्याकाळी साडेसात ते दहा. रविवारी दुपारी गोडाधोडाचे जेवण आणि संध्याकाळी बंद, हा पुण्यातल्या सगळ्या खानावळींचा रिवाज इथेही होता. महिन्याचे सभासद चौऱ्याऐंशी. बहुतेक विदर्भातून शिकायला आलेली मुले, थोड्या मुली, चार-पाच नोकरदार.

दाराच्या आतल्या बाजूला लाकडी फळा होता. त्यावर खिळ्यांच्या सात रांगा, रांगेत बारा खिळे, प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा गोल बिल्ला. बिल्ल्यावर सभासदाचा नंबर. बिल्ल्याची एक बाजू पांढरी, दुसरी लाल. जेवायला आलेल्याने आपला बिल्ला उलटा करून लाल बाजू पुढे आणायची. कोणाला त्या दिवशी यायचे नसेल तर त्याने सकाळी दहाच्या आत तसे सांगायचे. याला खाडा म्हणतात. शाळेत आणि कामावर खाडा म्हणजे गैरहजेरी. खानावळीत खाडा म्हणजे आधी कळवलेली गैरहजेरी. खाडा सांगितला की काकू बिल्ला काढून डब्यात टाकत आणि ते जेवण पुढच्या महिन्यात धरले जाई. न सांगता आला नाहीत, तर जेवण गेले. दहा वाजता फळ्यावर जितके बिल्ले उरत, तितक्या जणांची कणीक मळली जाई.

आम्ही काम सुरू केले त्याच महिन्यात मागच्या गल्लीत एका खासगी होस्टेलच्या इमारतीचा सहावा मजला पूर्ण झाला. जानेवारीत ते उघडणार होते. खोली आणि जेवण एकत्र, जेवण वेगळे घेण्याची सोय नाही. होस्टेलचा व्यवस्थापक काकूंकडे दोनदा येऊन गेला. तिथले स्वयंपाकघर काकूंनी चालवावे, असे त्याचे म्हणणे होते. एकशे ऐंशी मुले, महिन्याची रक्कम ठरलेली, कोणी जेवो न जेवो. मात्र खानावळ बंद करावी लागणार होती, कारण दोन ठिकाणी काकू एका वेळी उभ्या राहू शकत नव्हत्या.

नाही म्हटले तर काय होईल, हेही उघड होते. काकूंचे निम्म्याहून जास्त सभासद आसपासच्या बंगल्यांमधल्या कॉटवर राहत होते आणि त्यांतले बरेच जानेवारीत त्या होस्टेलमध्ये जाणार होते. तिथे जेवण भाड्यातच असणार होते. मग ते काकूंकडे कशाला येतील? काकूंनी आम्हाला पहिल्याच भेटीत विचारले होते, “तुमचं ते कॉलेजातलं शास्त्र काय म्हणते? घेऊ का नको घेऊ?” त्यांनी व्यवस्थापकाकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

आम्ही पाहिले ते असे. आमचे तास दुपारी दोनला संपत, म्हणून आम्ही पावणेतीनच्या सुमारास जात असू. एकूण अकरा भेटी. मी प्रत्येक भेटीची नोंद वेळेसह केली. ती वही माझ्याकडे आहे. तीन नोंदींमध्ये हे वाक्य आहे: ‘पावणेतीन ते साडेपाच स्वयंपाकघर रिकामे. मालकीण फोनवर.’ आम्ही चाळीस सभासदांना प्रश्नावली दिली. चव, वेळ, स्वच्छता, तक्रारी. सर्वांत जास्त तक्रार खाड्याबद्दल होती. दहाच्या आधी सांगणे जमत नाही, असे मुलांचे म्हणणे होते. एकाने ‘इतर सूचना’ या रकान्यात लिहिले होते, ‘काकूंनी कमी ओरडावे.’

यावरून आम्ही पान भरले. धंदा कोणासाठी? बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी. इतरांना काय जमत नाही? विदर्भाची चव. पुढे काय करावे? कंत्राट घ्यावे, कारण स्वयंपाकघर दिवसाचे जवळजवळ तीन तास रिकामे असते, मालकिणीचा वेळ फोनवर जातो आणि खाड्याची जुनी पद्धत मुलांना नको आहे. होस्टेलमध्ये खाड्याची गरजच राहणार नाही. चौथ्या प्रश्नावर आम्ही वीस मिनिटे बसलो. काय करू नये?

“काकू चुकीचं असं काहीच करत नाहीत,” मित्र म्हणाला.

“मग लिही, ‘काही नाही’,” मैत्रीण म्हणाली. “रकाना मोकळा दिसायला नको.”

मी ‘काही नाही’ लिहिले. अक्षर माझे आहे.

शुक्रवारी आमचा क्रमांक तिसरा होता. काकू अकराला पाच मिनिटे असताना आल्या. वरण मंद आचेवर ठेवून आले, साडेअकराला परत गेले पाहिजे, असे त्यांनी दारातच सांगितले. सरांनी त्यांना पहिल्या बाकावर बसवले. “आपण बसा. ही मुलं आता आपला धंदा आपल्याला समजावून सांगतील. सहन करा.”

मैत्रिणीने पान वाचले. चार मिनिटे लागली. काकूंनी पूर्ण ऐकले. स्वयंपाकघर रिकामे असते, या वाक्याला त्यांनी माझ्याकडे पाहिले. वाचून झाल्यावर सर भिंतीला टेकून उभे राहिले आणि हाताने काकूंकडे खूण केली.

“शब्द सारे समजले,” काकू म्हणाल्या. “मले एकच सांगा. त्या होस्टेलात माझा फळा लावू देतील काय?”

“काकू, फळ्याची गरजच नाही तिथं,” मैत्रीण म्हणाली. “कोणी आलं नाही तरी तुमचं नुकसान नाही. सगळ्यांचे पैसे होस्टेल देणार.”

“ते समजलं व बाई. पण मग कोण आलं नाही, ते मले कसं कळंल?”

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले. मी मित्राकडे पाहिले. मित्र खाली पाहत होता.

“कोण आलं नाही हे आपल्याला कशासाठी कळायला हवं?” सरांनी विचारले. ते खरोखर विचारत होते.

“फोन करायले,” काकू म्हणाल्या. “अडीचला फळा पाहते मी. लाल झाले ते जेवले. काढून ठेवले त्यांनी सांगितलेलं हाय. पांढरे राहिले ते ना जेवले, ना सांगितलं. त्यायले फोन करते. रोज चार-पाच असतात. एखादा झोपलेला असते, एखाद्याचं पेपरात काही झालेलं असते, एखादा तापानं पडलेला असते अन् खोलीत कोणी नसते. दोन वर्षांखाली एकाले कावीळ झाली होती, ती अशीच कळली. मग त्याच्या मायले सांगावं लागते. त्या माया बी मले फोन करतात.”

सर भिंतीपासून पुढे आले. “आपलं गिऱ्हाईक कोण?” हा प्रश्न त्यांनी काकूंना नव्हे, मला विचारला.

“जेवणारी मुलं,” मी म्हणाले. “चौऱ्याऐंशी.”

“नाही,” काकू म्हणाल्या. “पोट्टे कुठं निवडतात? पोट्ट्याले त्या कोपऱ्यावरचं चायनीज पाहिजे. पहिल्या दिवशी माय येते संगं. ती फळा पाहते. कोण्या तरी बाईनं तिले गावात सांगितलेलं असते, का पुण्यात अशी अशी बाई हाय, पोरगं नाही जेवलं तर फोन करते. ती माय मले ठेवून जाते.” मग त्यांना हसू आले. “म्हणजे पोरगं ठेवून जाते.”

वर्गात कोणी हसले नाही. सरांनी आमचे पान हातात घेतले.

“प्रश्नावली कोणाला दिली?”

“सभासदांना.”

“जेवतो त्याला विचारलंत. ठरवते तिला विचारलं नाहीत.” ते पान खालपर्यंत वाचत गेले. “चौथा प्रश्न. काय करू नये? ‘काही नाही.’ म्हणजे सगळं करावं.” आता वर्ग हसला. “सगळं करायला व्यूहरचना लागत नाही. माणसं लागतात. काकूंकडे दोन आहेत.”

मग ते मित्राकडे वळले. “तुम्ही तिथं जेवता. तुम्हाला कधी फोन आला होता?”

“पुष्कळदा, सर.”

“मग अहवालात का नाही?”

मित्राने थोडा विचार केला. “ते तर आहेच ना, सर,” तो म्हणाला. “त्यात लिहायचं काय?”

 सरांनी फळ्यावर मित्राचे ते वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली. “हे वाक्य ऐकू आलं की थांबायचं,” ते वर्गाला म्हणाले. “धंद्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच वाक्याखाली सापडते. आतल्याला ती दिसत नाही, कारण तो रोज पाहतो. बाहेरच्याला दिसते, पण तो तिला फोनवर वेळ घालवणं म्हणतो.” आम्हाला त्यांनी दुसरे पान लिहायला पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली. काकूंना विचारले, “आपण कंत्राटाचं काय ठरवलंत?”

“सोमवारी येणार हाय तो मॅनेजर. तवर पाहू.” त्यांनी घड्याळ पाहिले. “वरण लागंल,” म्हणाल्या आणि गेल्या. सर त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. वर्ग त्यांच्याविना सहा मिनिटे शांत बसला. आमच्या वर्गाच्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट होती.

सोमवारी मी तास बुडवून सकाळी दहाला खानावळीत गेले. दहाला काकूंनी सात बिल्ले काढून डब्यात टाकले आणि स्वयंपाकघराकडे ओरडून आकडा सांगितला, “सत्त्याहत्तर!” कणीक मळायला सुरुवात झाली. साडेदहाला व्यवस्थापक आला. तिशीचा, नीटनेटका, बोलायला सौम्य. त्याने कागद आणले होते.

काकूंनी त्याला आधी चहा दिला. मग विचारले, “माझा फळा लावू द्याल काय तिथं?”

त्याला प्रश्न समजावून सांगावा लागला. समजल्यावर तो म्हणाला, “काकू, आमच्याकडे बायोमेट्रिक आहे. मुलगा आत आला, बाहेर गेला, सगळं नोंदलं जातं.”

“जेवला का ते?”

“ते कशाला?”

“मग मले नाही जमणार,” काकू म्हणाल्या.

तो उठला नाही. “शांतपणे विचार करा. जानेवारीत ही सगळी पोरं आमच्याकडे राहायला येणार. मग इथं कोण जेवणार?”

“जे येतील ते.”

“आणि नाही आले तर?”

“तर फोन करीन.”

व्यवस्थापक हसला. त्या हसण्यात टवाळी नव्हती. त्याने कागद पिशवीत ठेवले, कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला आणि गेला. घड्याळात पावणेअकरा वाजले होते. काकूंच्या हाताखालच्या बायकांपैकी मोठी बाई दारात उभी होती. ती म्हणाली, “ताई, निम्मी पोरं जातील.” काकू म्हणाल्या, “जातील. भेंडी चिरून झाली काय?”

मी दुपारपर्यंत थांबले. सत्रात पहिल्यांदाच मी तिथे अडीच वाजता होते. काकू हात पुसत फळ्यासमोर आल्या. तीन बिल्ले पांढरे होते. त्यांनी कुठेही न पाहता पहिला नंबर लावला.

“काहून रे एकोणतीस, जेवला नाही? प्रॅक्टिकल होतं? मग सकाळी सांगायले काय झालं होतं, तोंडात सुपारी होती काय? भात झाकून ठेवते. तीनच्या आत ये.”

दुसऱ्याने उचलला नाही. काकूंनी त्याच्या खोलीतल्या मुलाला लावला. “तो झोपला हाय? कपाळाले हात लावून पाहा बरं. गरम हाय? नाही ना? मग उठव त्याले. अन् म्हणा, काकू खाली येऊन रायली.”

तिसरा बिल्ला एका मुलीचा होता. तिच्याशी काकू स्वयंपाकघराच्या पलीकडे, मोरीजवळ जाऊन बोलल्या. ते मला ऐकू आले नाही. परत आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “हिले संध्याकाळी मीच जाऊन घेऊन येते.” मग त्यांचा फोन वाजला. “हाव ताई, जेवला. पोळी एक कमी खाल्ली, पण जेवला. ताक पेला. नाही, नाही, केस कापले त्यानं, बरा दिसते आता.”

सर्व मिळून सतरा मिनिटे. अकरा भेटींत मी याला ‘मालकीण फोनवर’ असे तीनदा लिहिले होते.

दुसऱ्या पानासाठी आम्ही काकूंकडून, त्यांच्या परवानगीने, पालकांचे वीस क्रमांक घेतले. मी आणि मैत्रिणीने ते वाटून घेतले. एकोणीस जण बोलले. बहुतेक आया. आम्ही एकच विचारले: ही खानावळ कशी कळली? जवळजवळ प्रत्येकीने दुसऱ्या आईचे नाव सांगितले. वाशीमच्या एका बाईंनी मला उलट विचारले, “काही झालं काय त्याले?” फोन ठेवल्यावर मैत्रीण म्हणाली, “माझी आई पेठेतून पेठेत फोन करून विचारते जेवलीस का, तेव्हा मी चिडते. पुस्तकातल्या त्या बलस्थानं-उणिवांच्या तक्त्यात मला कोणी उणिवांत टाकलं पाहिजे.”

दुसऱ्या पानावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते: मुलाला परगावी ठेवणाऱ्या आईसाठी. दुसऱ्याचे: न आलेला माणूस अडीच वाजता कळतो. तिसऱ्याचे उत्तर आम्हाला पूर्ण सापडले नाही. जूनमध्ये नवे प्रवेश होतात तेव्हा आयांना फळा नीट दिसेल असा तो दाराबाहेरच्या भिंतीवर हलवावा, एवढे लिहिले. चौथ्याचे: जिथे फळा लावता येणार नाही तिथे जेवण देऊ नये. सरांनी चौथ्या उत्तराखाली रेघ मारली. वीसपैकी चौदा दिले. पहिले पानही परत केले. ‘मालकिणीचा वेळ फोनवर जातो’ या ओळीसमोर समासात शिसपेन्सिलीने लिहिले होते: ‘निरीक्षण अचूक. निष्कर्ष चूक.’ त्या वेळी मला वाटले, सहा गुण या ओळीने गेले. नंतर वृत्तपत्रात काम करू लागले तेव्हा ते पान माझ्या टेबलाच्या खणात ठेवले.

काकूंचा निर्णय बरोबर ठरेल असे तेव्हा कोणी म्हटले नव्हते. सरांनीही नाही. मित्राने त्यांना विचारले होते तेव्हा ते म्हणाले, “बरोबर आहे की नाही ते मला माहीत नाही. त्यांचा आहे, हे माहीत आहे.”

जानेवारीत होस्टेल उघडले. त्या महिन्यात फळ्यावरचे छत्तीस बिल्ले उतरले. काकूंनी ते फेकले नाहीत. खाड्याच्या डब्याशेजारी दुसरा डबा ठेवून त्यात टाकले. तीन टेबलांपैकी एक भिंतीला उभे करून ठेवले. हाताखालच्या दोघींपैकी धाकटी काम सोडून गेली. फेब्रुवारीत मी गेले तेव्हा काकू स्वतः पोळ्या लाटत होत्या आणि दहाचा आकडा ओरडून सांगायची गरज राहिली नव्हती. त्या म्हणाल्या, “शास्त्र काय म्हणते?” मी म्हणाले, शास्त्राला माहीत नाही. “चला, मले वाटलं मलेच माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये वाशीमच्या त्याच बाईंचा काकूंना फोन आला. त्यांचा मुलगा होस्टेलमध्ये गेला होता, म्हणजे आता सभासद नव्हता. सकाळपासून फोन उचलत नव्हता. काकू वरण उतरवून मागच्या गल्लीत गेल्या. रखवालदाराने नोंदवही पाहून सांगितले की तो आत आहे. आत आहे हे त्याच्या आईलाही माहीत होते. काकू चौथ्या मजल्यावर गेल्या. तो झोपला होता, फोन सायलेंटवर होता, बाकी काही नव्हते. काकूंनी त्याला उठवून आईशी बोलायला लावले, खाली येऊन व्यवस्थापकाला नमस्कार केला आणि परत आल्या. हे मला मित्राने सांगितले. तो त्या वेळी जेवत होता. एप्रिलमध्ये तो वाशीमचा मुलगा होस्टेल सोडून पुन्हा कॉटवर आला. दुसऱ्या डब्यातला त्याचा बिल्ला काकूंनी धुऊन खिळ्याला लावला. त्याला कारण विचारले तर तो म्हणाला, “आईनं सांगितलं.” चेहऱ्यावरून त्याला ते पटलेले दिसत नव्हते.

जूनमध्ये फळा दाराबाहेरच्या भिंतीवर आला. वर पत्र्याचे छोटे छप्पर टाकले. आमच्या पानातली काकूंनी अमलात आणलेली ती एकच सूचना.

आम्हाला पदवी मिळून तीन वर्षे झाली. मित्र हिंजवडीत नोकरी करतो आणि बाणेरला राहतो. मैत्रीण दुकानात बसते. दुकानाच्या भिंतीवर तिने एक कागद लावला आहे, त्यावर दुकानात न मिळणाऱ्या वस्तूंची यादी आहे. वडील म्हणतात, यादी पाहायलाच गिऱ्हाईक येते. सर अजून शिकवतात. यंदाच्या वर्गालाही त्यांनी पहिल्या तासाला स्वारगेटला कसे जायचे, हे विचारले. यादीत आता मेट्रो वाढली आहे.

मागच्या गुरुवारी मी दुपारी दोन वाजता खानावळीत गेले. तिसरे टेबल पुन्हा आडवे मांडलेले होते. स्वयंपाकघरात तीन बायका होत्या. फळ्याला दोन रांगा वाढल्या आहेत. जुन्या लाकडाला नवी फळी जोडलेली दिसते. मी बिल्ले मोजले. खिळे एकशे आठ. काढून ठेवलेले बिल्ले नऊ. लाल पंचाण्णव. पांढरे चार.

अडीच वाजता काकू हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी पहिला नंबर लावला.